जुन्या मायक्रोसर्व्हरमध्ये किती मोठी हार्ड डिस्क चालते?

प्रश्न असा आहे: अकोल्यातल्या एका छायाचित्रकाराने एचपीचा प्रोलायंट मायक्रोसर्व्हर जेन८ जुन्या बाजारातून घेतला. माहितीपत्रकात कमाल साठवण १२ टीबी लिहिलेली आहे. लग्नांच्या चित्रीकरणाचा साठा वाढतोय, म्हणून त्यात ८ टीबीच्या चार डिस्क घालायच्या आहेत. त्या चालतील का? शिवाय घरातली ४ टीबीची एक डिस्क जुन्या यूएसबी डॉकमध्ये (सुटी डिस्क खोचून संगणकाला जोडायच्या स्टँडमध्ये) लावली तर १६७८ जीबीच दिसते. तेव्हा मोठ्या डिस्कचा काहीतरी घोळ आहे, अशी त्यांना धास्ती वाटते.

उत्तर आधी देतो. ८ टीबीच्या चारही डिस्क चालतील. उद्या १६ टीबीच्या घातल्या तरी चालतील. डॉकमधला घोळ मात्र खरा आहे, आणि तो सर्व्हरपेक्षा जास्त धोक्याचा आहे. तो डॉक या कामातून आजच बाजूला काढा. त्यावर काहीही लिहू नका. कारण पुढे सांगतो.

माहितीपत्रकातला १२ चा आकडा येतो कुठून ते आधी पाहू. जेन८ आला २०१३ साली. चार कप्पे, आणि कंपनीने त्या वेळी स्वतः तपासून विकायला ठेवलेली डिस्क ३ टीबीची. चार त्रिक बारा. त्याआधीच्या एन३६एल आणि एन४०एल या मॉडेलांच्या कागदावर ८ टीबी आहे, कारण तेव्हा चार डिस्क २ टीबीच्या धरल्या होत्या. हा आकडा म्हणजे ‘आम्ही इथपर्यंत तपासले’ एवढीच ग्वाही. पुढची डिस्क लावली तर काय होईल याबद्दल तो काहीच सांगत नाही. हेलियम भरलेली ६ टीबीची पहिली डिस्क बाजारात आली तीच २०१३ च्या अखेरीस, म्हणजे हा सर्व्हर विकायला लागल्यावर. जी वस्तू अजून जन्मली नव्हती ती कोण तपासणार? घरगुती सर्व्हर, जुने नास (नेटवर्कवर जोडायच्या साठवणपेट्या), डेस्कटॉपचे मदरबोर्ड, सगळ्यांच्या कागदावरची ‘कमाल क्षमता’ बहुतेक वेळा अशीच ठरलेली असते.

मग खरी मर्यादा असते का? असते, पण ती दर टीबीला थोडी थोडी वाढत जाणारी नसते. ती ठरावीक आकड्यांवरच येते, कारण ती पत्त्याच्या लांबीतून जन्मते. डिस्कवरचा प्रत्येक सेक्टर म्हणजे ५१२ बाइटचा एक तुकडा, आणि प्रत्येकाला एक क्रमांक. तो क्रमांक लिहायला किती बिट ठेवले आहेत यावर सगळे अवलंबून. १९९० च्या दशकात ५२८ एमबीची भिंत होती, मग ८.४ जीबीची. क्रमांकाला २८ बिट होते तेव्हा १३७ जीबीची भिंत आली. ती ४८ बिटांनी मोडली. २००२ च्या एटीए-६ मानकात हे ४८ बिट आले, आणि त्यांनी १४४ पेटाबाइटपर्यंतचे पत्ते लिहिता येतात. म्हणजे साटा केबल (डिस्क मदरबोर्डला जोडणारी) आणि डिस्क यांच्यामधल्या बोलण्याला आजच्या कुठल्याही डिस्कची अडचण नाही. २००५ नंतरचे जवळपास कुठलेही साटा पोर्ट घ्या, तिथे ही बाब निकालात निघालेली आहे.

अडचण उरली आहे ती आजूबाजूच्या थरांत. त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी सेक्टरचा क्रमांक ३२ बिटांतच लिहिला जात होता. ३२ बिटांत ४,२९,४९,६७,२९६ सेक्टर मोजता येतात. त्याला ५१२ ने गुणले की २.२ टीबी. २ टीबीच्या डिस्कवर सेक्टर असतात ३,९०,७०,२९,१६८, म्हणजे ती जेमतेम आत बसते. ३ टीबीची बसत नाही. म्हणून २०१० साली ३ टीबीच्या डिस्क आल्या तेव्हा मोठा गोंधळ उडाला, आणि वेस्टर्न डिजिटलने आपल्या ३ टीबीच्या ग्रीन डिस्कबरोबर एक वेगळे कंट्रोलर कार्डच द्यायला सुरुवात केली होती.

हा २.२ टीबीचा अडथळा कोणत्या थरात आहे ते ओळखता आले की निम्मे काम झाले. त्यासाठी डिस्क किती दिसते तो आकडा नीट वाचावा. डिस्क संगणकाच्या १०२४ च्या हिशेबाने २०४८ जीबीवर, म्हणजे बरोबर २ टीबीवर अडली आणि पुढची जागा ‘न वापरलेली’ दिसतेय, तर दोष पार्टिशन टेबलचा, म्हणजे डिस्कच्या भागांच्या यादीचा: तिथे जुन्या पद्धतीचे एमबीआर आहे. एमबीआरमध्ये पार्टिशनची सुरुवात आणि लांबी दोन्ही ३२ बिटांत लिहितात. त्याऐवजी नव्या पद्धतीचे जीपीटी केले की प्रश्न संपतो. जीपीटीत ६४ बिट आहेत. फक्त डिस्क रिकामी असताना ते करा.

पण आकडा विचित्र दिसत असेल, तर दोष खालच्या थरात आहे. ३ टीबीची डिस्क ७४६ जीबी दिसते, ४ टीबीची १६७८, ६ टीबीची १४९३ आणि ८ टीबीची १३०८. हे आकडे कुठून येतात ते करून पाहा. ४ टीबीच्या डिस्कवर ७,८१,४०,३७,१६८ सेक्टर असतात. त्यातून ४,२९,४९,६७,२९६ वजा करा. उरलेल्याला ५१२ ने गुणून (१०२४ ने तीनदा भागून) जीबीत आणा, १६७८ येतात. म्हणजे मधल्या कुणीतरी सेक्टरच्या संख्येचे वरचे बिट कापून टाकले आणि उरलेला भाग खरा मानला. तुमच्या डॉकमध्ये नेमके हेच झाले आहे. तिथे दोषी आहे आतली यूएसबी-साटा ब्रिज चिप, म्हणजे यूएसबी आणि साटा यांच्यात दुभाष्याचे काम करणारी चिप. संगणकाने डिस्कला ‘तू केवढी आहेस’ असे विचारायच्या दोन पद्धती आहेत. जुन्या पद्धतीत उत्तर ३२ बिटांत येते, नव्या पद्धतीत ६४ बिटांत. मोठी डिस्क असेल तर चिपने जुन्या प्रश्नाला ‘मावत नाही, दुसऱ्या पद्धतीने विचारा’ अशी खूण द्यायची असते. जुन्या चिपना ही खूण देताच येत नाही.

हेच ७४६ विंडोजच्या जुन्या संगणकात थेट साटा पोर्टवरही दिसायचे. तिथे दोषी असायचा इंटेलच्या रॅपिड स्टोरेजचा १०.१ च्या आधीचा ड्रायव्हर. ड्रायव्हर बदलला की डिस्क पूर्ण दिसे. म्हणून आकडा पाहिल्या पाहिल्या मदरबोर्डला दोष देऊ नये.

आता धोका कोणता ते सांगतो. सगळ्यांत वाईट चिप ती, जी डिस्कचा आकार बरोबर सांगते पण लिहिताना पत्त्याचे वरचे बिट गाळते. डिस्क ४ टीबी दिसते, फॉरमॅट होते, फाइली उतरतात. २.२ टीबी भरेपर्यंत सगळे सुरळीत चालते. त्यानंतर लिहिलेला पुढचा सेक्टर जातो डिस्कच्या सुरुवातीला, जुन्या स्कूटरचा किलोमीटरचा मीटर ९९९९९ नंतर शून्यावर येतो तसा. सुरुवातीलाच पार्टिशन टेबल आणि फाइल सिस्टिमचा आरंभ असतो. तो पुसला गेला की आधीचे सगळे चित्रीकरण गेल्यासारखेच. आणि हे घडते डिस्क निम्म्याहून जास्त भरल्यावर, म्हणजे त्यावर विश्वास बसल्यानंतर.

म्हणून कुठलाही नवा मार्ग, मग तो डॉक असो, कार्ड असो की सर्व्हर, मोठी डिस्क लावल्यावर आधी रिकाम्या डिस्कवर तपासावा. तपासणी म्हणजे डिस्क नुसती उघडते का ते पाहणे नव्हे. पूर्ण डिस्कवर ओळखता येईल असा मजकूर लिहायचा आणि शेवटपर्यंत लिहून झाल्यावर पहिल्यापासून वाचून ताडायचा. लिनक्सवर एफ३ नावाचे साधन हे करते. ते नकली पेनड्राइव्ह पकडण्यासाठी लिहिलेले आहे, पण इथे चपखल बसते. बॅडब्लॉक्स या दुसऱ्या साधनाने डिस्कची तब्येतही कळते. वेळ मात्र लागतो. सरासरी १५० एमबी प्रति सेकंद धरले तर ८ टीबी एकदा लिहायला साधारण १५ तास. बॅडब्लॉक्सची पूर्ण लेखी तपासणी चार वेळा लिहिते आणि चार वेळा वाचते, म्हणजे जवळपास ५ दिवस. नवी डिस्क हमीच्या काळात असताना हे ५ दिवस देणे परवडते, असे माझे ठाम मत आहे. जिला मरायचे असते ती बऱ्याचदा याच दिवसांत मरते, आणि बदलून मिळते.

यूएसबी केसिंगचा आणखी एक प्रकार माहीत असू द्या, कारण त्यात डेटा गेला असे वाटते पण तो गेलेला नसतो. विंडोज एक्सपीला जीपीटी समजत नव्हते. म्हणून काही केसिंग डिस्कचे ५१२ बाइटचे आठ-आठ सेक्टर एकत्र करून संगणकाला ४०९६ बाइटचा एक सेक्टर असे सांगत. तेवढ्याच ३२ बिटांत मग १७.६ टीबीपर्यंत जाता येते. युक्ती चांगली होती. पण केसिंग बिघडल्यावर आतली डिस्क काढून थेट साटावर लावली की ती ‘फॉरमॅट करा’ म्हणते, कारण आता सेक्टर ५१२ चे मोजले जातात आणि पार्टिशन टेबलमधले सगळे आकडे आठपट चुकतात. अशा वेळी फॉरमॅटला होकार देऊ नका. लिनक्समध्ये लॉसेटअप कमांडला सेक्टरचा आकार ४०९६ सांगून ती डिस्क केवळ वाचण्यासाठी जोडता येते आणि डेटा जसाच्या तसा उतरवता येतो.

सर्व्हरमध्ये वेगळे कंट्रोलर कार्ड लावणार असाल तर एकच गोष्ट पाहा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा ऑनलाइन स्वस्तात मिळणारी एलएसआय कंपनीची एसएएस १०६८ई चिपवाली जुनी कार्डे २ टीबीच्या पुढे जात नाहीत. ते त्या चिपचे बंधन आहे, फर्मवेअर बदलून सुटत नाही. त्यानंतरची एसएएस २००८ चिप, म्हणजे एलएसआय ९२११-८आय किंवा आयबीएमचे एम१०१५, मोठ्या डिस्क घेते. ती आयटी मोडच्या फर्मवेअरवर (त्यात कार्ड डिस्क जशाच्या तशा पुढे देते) टाकून वापरावी. पण जेन८ मध्ये चारच कप्पे आहेत आणि त्यांना चार पोर्ट जोडलेले आहेतच, तेव्हा कार्डाची गरज नाही. त्यांतले दोन पोर्ट ६ गिगाबिटचे आणि दोन ३ गिगाबिटचे आहेत. त्याची काळजी करू नका. ३ गिगाबिटवरून सेकंदाला ३०० एमबीच्या आसपास जातात. फिरणाऱ्या एका डिस्कला त्याहून जास्त लागत नाही.

जेन८ मध्ये बी१२०आय नावाचे अंगभूत रेड (अनेक डिस्क एकत्र बांधून वापरायची सोय) आहे. ते बायोसमधून (संगणक सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्राममधून) बंद करून एएचसीआय ही साधी पद्धत निवडा. ते पूर्ण हार्डवेअर रेड नाही, एचपीच्या ड्रायव्हरवर चालते, आणि तो ड्रायव्हर प्रत्येक लिनक्समध्ये मिळत नाही. एएचसीआयमध्ये ऑपरेटिंग सिस्टिम डिस्कशी थेट बोलते, बायोस मधे पडत नाही. म्हणूनच १२ टीबीचा कागदी आकडा गळून पडतो.

बायोस मधे पडते ते फक्त सुरू होताना, आणि जेन८ वर खरी मेहनत लागते ती इथे. या सर्व्हरला यूईएफआय, म्हणजे बायोसची नवी पिढी, नाही. विंडोज जुन्या बायोसवर जीपीटी डिस्कवरून सुरू होत नाही, त्यामुळे विंडोज घालणार असाल तर सिस्टिमची डिस्क २ टीबी किंवा कमीच हवी. लिनक्स सुरू करून देणारे ग्रब जीपीटी डिस्कवरूनही बायोसमध्ये सुरू होते, फक्त १ एमबीचे ‘बायोस बूट’ पार्टिशन लागते. तरी मी सांगेन की सिस्टिम आणि साठा एकाच डिस्कवर ठेवूच नका. सीडी ड्राइव्हच्या जागी पाचवा साटा पोर्ट आहे, तिथे १२० किंवा २५० जीबीची साधी एसएसडी बसते. त्यात एक अडसर आहे: एएचसीआय मोडमध्ये चार कप्प्यांत डिस्क असतील तर बायोस पाचव्या पोर्टवरून सुरू व्हायला तयार होत नाही, ते पहिल्या कप्प्याकडेच बघते. यावर सगळीकडे वापरला जाणारा उपाय असा, की मदरबोर्डवरच्या आतल्या यूएसबी पोर्टमध्ये छोटा पेनड्राइव्ह किंवा मायक्रोएसडीच्या खाचेत कार्ड घालायचे, त्यावर फक्त ग्रब ठेवायचे, आणि ग्रबला पुढचे सगळे एसएसडीवरून घ्यायला सांगायचे. त्या पेनड्राइव्हवर नंतर काही लिहिले जात नाही, त्यामुळे तो वर्षानुवर्षे टिकतो. तरी त्याची एक प्रत काढून टेबलाच्या खणात ठेवा.

जेन८ वर बरेच जण ईएसएक्सआय (एका यंत्रावर अनेक आभासी संगणक चालवणारी प्रणाली) चालवतात. तसे असेल तर आवृत्ती पाहा. ५.५ च्या आधी एका व्हर्च्युअल डिस्कची मर्यादा २ टीबीच होती, २०१३ साली ती ६२ टीबी झाली. तसेच विंडोज होम सर्व्हर २०११ कुणी अजून चालवत असेल तर त्याचा सर्व्हर बॅकअप व्हीएचडी या आभासी डिस्कच्या फाइलमध्ये जातो, आणि ती २ टीबीच्या वर जात नाही. पुन्हा तोच आकडा, वेगळ्या थरात.

२ टीबीनंतरची पुढची भिंत थेट १६ टीबीवर आहे, आणि तुम्ही ८ च्या चार घालणार म्हणजे ती तुम्हाला माहीत असायला हवी. इथेही ३२ बिटच, फक्त मोजमाप ५१२ बाइटऐवजी ४०९६ बाइटच्या ब्लॉकचे. ४,२९,४९,६७,२९६ गुणिले ४०९६ म्हणजे १७.६ टीबी, संगणकाच्या भाषेत १६ टेबीबाइट. लिनक्सची एक्स्ट४ फाइल सिस्टिम जुन्या पद्धतीने बनवलेली असेल तर ती याच्या पुढे वाढत नाही. ६४ बिटची सोय २०११ पासून आहे, पण आपोआप चालू होऊ लागली ई२एफएसप्रॉग्स या तिच्या साधनसंचाच्या १.४३ या आवृत्तीत, २०१६ साली. घोटाळा कुणाचा होतो? ज्यांनी आठ-दहा वर्षांपूर्वी लहान डिस्कवर फाइल सिस्टिम बनवली आणि डिस्क एकेक करून मोठ्या केल्या त्यांचा. सगळे बदलून झाल्यावर शेवटच्या टप्प्यात आकार वाढत नाही. अशी फाइल सिस्टिम ६४ बिटमध्ये बदलता येते, पण ती बंद ठेवून, आणि बॅकअप हाताशी असतानाच. तुम्ही नव्याने सुरू करताय, म्हणून तुम्हाला हा त्रास नाही.

दुसरी १६ ची भिंत ३२ बिटच्या ऑपरेटिंग सिस्टिमची. ३२ बिटचे लिनक्स १६ टेबीबाइटपेक्षा मोठे एक उपकरण हाताळू शकत नाही. जुन्या एआरएम चिपचे नास आणि ३२ बिटची प्रणाली घातलेला रास्पबेरी पाय इथे अडकतात, अगदी एकेक डिस्क ८ टीबीचीच असली तरी, कारण रेड केल्यावर त्यांचे मिळून एकच उपकरण होते. जेन८ चा सेलेरॉन प्रोसेसर ६४ बिटचा आहे, तेव्हा प्रणालीही ६४ बिटचीच घाला. आणि गंमत नव्हे, खरेच उपयोगाची बाब म्हणजे बॅडब्लॉक्सलाही हीच मर्यादा आहे. ब्लॉकचा आकार ४०९६ दिला तर १६ टीबीची डिस्क तपासली जाते, १८ टीबीची नाही. तिथे ८१९२ द्यावा लागतो. नाही दिला तर ते चूक दाखवून थांबते, आणि लोकांना वाटते डिस्कच खराब आहे.

जुन्या तयार नासमधून डिस्क इकडे आणणार असाल तर एमडीअॅडमच्या (लिनक्सच्या रेड साधनाच्या) सुपरब्लॉकची, म्हणजे डिस्कवरच्या रेडच्या नोंदीची, आवृत्ती बघा. ०.९० असेल तर एका डिस्कची हद्द २ टीबी, नव्या कर्नलवर ४ टीबी. १.२ मध्ये ही अडचण नाही. तयार नासच्या बाबतीत एक निराळेच बंधनही असते, धंद्याचे. नास बनवणाऱ्या सिनॉलॉजीने २०२५ च्या प्लस मालिकेत आपल्या यादीबाहेरच्या डिस्कवर नवी मांडणी करायला मनाई केली होती आणि त्याच वर्षी डीएसएम या आपल्या प्रणालीच्या ७.३ आवृत्तीत ती बऱ्याच अंशी मागे घेतली. जुन्या सर्व्हरवर स्वतःची प्रणाली चालवण्याचा हा फायदा मला फार मोलाचा वाटतो: डिस्क कोणती घालायची ते आपण ठरवतो.

आता लोखंडाकडे वळू. सेक्टरचे गणित बरोबर असूनही डिस्क फिरतच नाही असे होऊ शकते. बाहेरच्या यूएसबी ड्राइव्हचे कवच फोडून आतली डिस्क काढली की हे हमखास दिसते. २०१६ च्या साटा ३.३ मानकात वीजजोडणीच्या तिसऱ्या पिनला नवे काम दिले: तिथे वीज आली तर डिस्कने बंद राहायचे. जुन्या पॉवर सप्लायमध्ये त्याच पिनवर ३.३ व्होल्ट कायम येतात, म्हणून डिस्क बंदच राहते. साटाच्या वीजतारेत नारिंगी तार असेल तर ३.३ व्होल्ट येत आहेत असे समजा. त्या पिनवर कॅप्टॉन टेपची (वीजरोधक चिकटपट्टीची) बारीक पट्टी लावली की काम होते. मोलेक्सवरून (जुन्या चार पिनांच्या वीजजोडणीवरून) साटा करणारा अडॅप्टरही चालतो, पण प्लॅस्टिक ओतून केलेला घेऊ नका. त्यांत तारा एकमेकींना लागून आग लागू शकते. तारा दाबून बसवलेला, मागून उघडता येणारा घ्या. ज्यांना हा खटाटोप नको त्यांनी सरळ नाससाठीची सुटी डिस्क घ्यावी.

मोठ्या डिस्कच्या स्क्रूच्या जागाही तपासा. बऱ्याच नव्या डिस्कना बाजूचे मधले भोक नसते. जुन्या ट्रेला तेच हवे असेल तर दोनच स्क्रूवर डिस्क लटकते आणि थरथरते. आणि खरेदीच्या वेळी ५१२ई (बाहेर ५१२ बाइटचे सेक्टर सांगणारी) लिहिलेलीच डिस्क मागा, ४केएन नको. ४केएन डिस्क खरोखरच ४०९६ बाइटचे सेक्टर सांगते, आणि ते जुन्या बायोसला व कार्डांना बहुधा झेपत नाही.

वीज किती लागते हाही प्रश्न येतो. डिस्क किती टीबीची आहे यावरून वीज ठरत नाही, ती किती वेगाने फिरते आणि आत किती तबकड्या आहेत यावरून ठरते. फिरायला सुरुवात करताना एका डिस्कला १२ व्होल्टवर २ अँपिअरपर्यंत लागतात, म्हणजे २४ वॅट. चार मिळून शंभराच्या आसपास. जेन८ चा पॉवर सप्लाय १५० वॅटचा आहे आणि सेलेरॉन ३५ वॅटचा. म्हणजे जमते, पण फार सैल नाही. दहा वर्षे वापरलेला पॉवर सप्लाय असेल तर ७२०० आरपीएमच्या चार डिस्कऐवजी ५४०० च्या गटातल्या घ्या. अकोल्याच्या मे महिन्यात तेच बरे. खोलीच ४० अंशांवर गेली की डिस्क ५० ओलांडते. बहुतेक डिस्कवर ६० ची कमाल लिहिलेली असते, पण मी ४५ च्या खाली ठेवायचा प्रयत्न करतो. सर्व्हर बंद कपाटात ठेवू नका, पंख्याची जाळी पुसत राहा, आणि यूपीएस लावा. तो नुसता लावून भागत नाही. त्याची यूएसबी तार सर्व्हरला जोडून बॅटरी उतरू लागली की सर्व्हर आपोआप बंद होईल असे करा.

रॅमबद्दल एक गैरसमज वारंवार ऐकू येतो: झेडएफएस या फाइल सिस्टिमला प्रत्येक टीबीमागे १ जीबी रॅम लागते, जेन८ ला कमाल १६ जीबी, म्हणून १६ टीबीच्या पुढे जाता येत नाही. तसे बंधन नाही. घरच्या वापरात ३२ टीबीच्या पूलला (एकत्र केलेल्या डिस्कना) १६ जीबी भरपूर होते, ८ वरही चालते. डीडुप्लिकेशन (सारखा डेटा एकदाच ठेवणे) चालू केले तरच रॅम खरोखर खाल्ली जाते, आणि चित्रीकरणाच्या फाइलींवर त्याचा उपयोग नसतो. ते बंदच ठेवा.

माझ्या मते घरच्या सर्व्हरवर डिस्कच्या आकाराला खरी मर्यादा घालतो तो वेळ. एक डिस्क मेल्यावर नवी घालून रेड पुन्हा उभे करायला ४ टीबीला ७-८ तास लागतात, १६ टीबीला पूर्ण एक दिवस किंवा जास्त, तेही सर्व्हरवर दुसरे काही चालू नसताना. तेवढा वेळ उरलेल्या डिस्क सतत वाचल्या जातात. घरगुती डिस्कच्या कागदावर १० चा १४ वा घात इतक्या बिटांमागे एक न वाचता येणारी चूक लिहिलेली असते, म्हणजे १२.५ टीबीमागे एक. चार डिस्कच्या रेड ५ (एक डिस्क गेली तरी टिकणाऱ्या) मांडणीत ८ टीबीची एक गेली तर २४ टीबी वाचावे लागतात. १२.५ टीबीला चूक होणारच असा याचा अर्थ नाही, तो आकडा कंपनीने दिलेली कमाल हद्द आहे आणि प्रत्यक्षात डिस्क बऱ्याचदा पुष्कळ चांगल्या निघतात. पण चार मोठ्या डिस्कवर रेड ५ मला पटत नाही. दोन-दोनच्या आरशाच्या जोड्या करा किंवा झेडएफएसचे रेड-झेड२ (कुठल्याही दोन डिस्क गेल्या तरी टिकणारे). दोन्हीत वापरायला १६ टीबी मिळतात, संगणकावर सुमारे १४.५ दिसतील. जोड्यांमध्ये पुनर्बांधणी लवकर होते आणि पुढे दोनच डिस्क बदलून जागा वाढवता येते, म्हणून तुमच्यासारख्या हळूहळू वाढणाऱ्या कामाला मी जोड्याच सुचवेन.

डिस्क एसएमआर (ट्रॅक एकमेकांवर चढवून लिहिणारी, म्हणून फेरलिखाणात संथ) नाही ना, हे मॉडेल क्रमांकावरून कंपनीच्या यादीत पाहा. २०२० साली वेस्टर्न डिजिटलच्या ‘रेड’ (लाल) नावाच्या मालिकेतल्या २ ते ६ टीबीच्या काही डिस्क एसएमआर असल्याचे उघड झाले, आणि झेडएफएसची पुनर्बांधणी त्यांच्यावर रखडत होती. सीएमआर (ट्रॅक न चढवणारी) लिहिलेली रेड प्लस किंवा त्या तोडीची दुसरी कुठलीही नास डिस्क घ्या.

आणि चारही डिस्क एकदम घेऊ नका. आधी दोन घ्या, एक जोडी उभी करा, सध्याचा साठा त्यावर उतरवा आणि तपासून घ्या. महिन्याभराने उरलेल्या दोन, शक्यतो दुसऱ्या दुकानातून, म्हणजे एकाच खेपेतल्या चार डिस्क एकत्र येणार नाहीत. ती ४ टीबीची डिस्क पहिल्या दोन ८ टीबीच्या डिस्क येईपर्यंत सर्व्हरच्या तिसऱ्या कप्प्यात थेट लावून वाचा. तिथे ती पूर्ण दिसेल. त्यावरचा डेटा उतरवून झाला की तिला यूएसबी ३ च्या नव्या डॉकमध्ये लावून आकडा बघा. लिनक्सवर ३.६ टेबीबाइट आणि विंडोजवर ३७२५ जीबी दिसले, आणि शेवटपर्यंत लिहून-वाचून तपासणी पार पडली, तरच त्या डॉकवर घराबाहेर ठेवायच्या बॅकअपची डिस्क भरा.